घरपोच किराणा : सोय किती, बचत किती?

पगार झाला की पहिल्या रविवारी महिन्याचा किराणा भरायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. अम्मी यादी सांगत, कोणीतरी ती उतरवून घेई आणि मेहरूणहून निघून दाणा बाजार, तिथून फुले मार्केट अशी चक्कर होई. आज त्या यादीतला बराच भाग मोबाइलवर जातो आणि सामान दारात येते. जळगाव-धुळ्यातल्या अनेक मुस्लिम घरांत हेच चित्र आहे. नोकरी करणाऱ्या सुना, गुडघे दुखणाऱ्या सासवा, मुंबई-पुण्याला किंवा आखातात कामाला गेलेली मुले, या सगळ्यांना घरपोच सामानाची सोय हवीहवीशी वाटते.

पण सोयीबरोबर प्रश्नही येतात. हे खरेच स्वस्त पडते का? पाकिटातली वस्तू हलाल आहे की नाही, हे कसे ओळखायचे? खराब माल आला तर कोणाकडे जायचे? आणि ज्या दुकानदाराने वर्षानुवर्षे आपले घर सांभाळले, त्याचे काय? आम्ही दोघेही शिक्षक असल्याने वही-पेन हाताशीच असते. वर्षभर आम्ही काय कोठून घेतले आणि किती दिले ते लिहून ठेवले. त्या वहीतून आणि धुळ्याच्या खालांच्या घरच्या अनुभवातून जे हाती आले, ते वाचक भगिनी-बांधवांपुढे ठेवत आहोत.

टाळेबंदीच्या रमजानमध्ये

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि महिनाभरात, २५ एप्रिलला, रमजान सुरू झाला. तरावीह घरात, इफ्तार घरात, बाजार काही तासांपुरता उघडा. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्याच्या किराणा दुकानदार चाचांनी एक साधी युक्ती काढली. यादी व्हॉट्सॲपवर पाठवा, सामान बांधून ठेवतो, मुलगा गल्लीच्या तोंडाशी आणून देईल. ना ॲप, ना कसले शुल्क. आमची घरपोच किराण्याशी पहिली ओळख झाली ती अशी, ओळखीच्या माणसाकडून.

त्याच मे महिन्यात एका मोठ्या उद्योगसमूहाने देशातल्या सुमारे २०० शहरांत जिओमार्टची किराणा सेवा सुरू केली. महानगरांत मात्र हा धंदा आधीपासून होता. बिगबास्केट २०११ मध्ये बंगळुरूला सुरू झाले, ग्रोफर्स २०१३ मध्ये आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याचेच नाव ब्लिंकिट झाले. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावांना या गोष्टी बातम्यांतूनच कळत. टाळेबंदीने मात्र यूपीआयने पैसे देण्याची आणि मोबाइलवर वस्तू निवडण्याची सवय घराघरात पोहोचवली. ज्या अम्मींना पूर्वी मिस्ड कॉलही देता येत नव्हता, त्या आता फोटो पाहून ‘ही नको, ती लाल पाकिटाची चहापत्ती घ्या’ असे सांगतात.

धुळ्यातल्या खालांचे घर

आमच्या खाला धुळ्याला वडजाई रोडच्या बाजूला राहतात. मागे खालूंचा इंतकाल झाला. मुले बाहेरगावी, घरात त्या आणि एक शाळकरी नात. इद्दतीचे चार महिने दहा दिवस बाजारात जाण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारी चांगले, पण रोज कोणाला किती सांगायचे? त्या काळात आम्ही जळगावात बसून त्यांच्या पत्त्यावर सामान मागवत असू. जळगाव ते धुळे एरंडोल-पारोळ्यामार्गे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. दर आठवड्याला कोण जाणार? मोबाइलमुळे एवढ्या अंतरावरून खालांच्या घरी चहा, साखर, साबण, बिस्किटे पोहोचली. त्या वेळी या सोयीची किंमत कळली, ती विसरता येत नाही.

अडचणीही तिथेच कळल्या. एका ॲपवर खालांचा पत्ता टाकला की ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर येई. मात्र त्याच पिनकोडचा मोठ्या रस्त्यापलीकडचा पत्ता चाले. फोन करून विचारले तर गल्ली अरुंद आहे, गाडी वळत नाही, असे सांगण्यात आले. मोटारसायकलवर येणाऱ्या पार्सलला गल्ली अरुंद कशी, हे आम्हाला अजून समजलेले नाही. खालांनी यातून मार्ग काढला. रस्त्यावरच्या एका ओळखीच्या मेडिकल दुकानाचा पत्ता दिला, सामान तिथे उतरू लागले आणि नात शाळेतून येताना ते घेऊन येऊ लागली. दुसऱ्या एका ॲपचा मुलगा मात्र थेट दारापर्यंत येई. ‘मशिदीच्या मागची दुसरी गल्ली, हिरवा दरवाजा’ हा पत्ता नकाशाला समजत नाही, माणसाला समजतो. म्हणून पत्त्यात जवळची खूण स्पष्ट लिहावी आणि घरात हजर असणाऱ्या माणसाचाच फोन नंबर द्यावा, हे आम्ही तेव्हा शिकलो. जळगावला बसून आम्ही ओटीपी सांगायचा आणि धुळ्याला खालांनी दार उघडायचे, यात मुलगा उन्हात ताटकळत राहतो.

स्वस्त की महाग?

आता वहीतल्या हिशेबाकडे वळू. साबण, कपडे धुण्याची पावडर, फरशी पुसण्याचे औषध, टूथपेस्ट, शाम्पू, चहापत्ती, लहान बाळांचे डायपर या वस्तू बहुतेक वेळा मोबाइलवर छापील किमतीपेक्षा बऱ्याच कमी दराने मिळाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही फायदा झाला. अशा वस्तू लवकर खराब होत नाहीत. एकाच कंपनीचे एकच पाकीट सगळीकडे सारखे, त्यामुळे डोळ्यांनी पारखण्याची गरज नसते.

धान्य, डाळी, मसाला आणि तेल यांचे गणित वेगळे निघाले. जळगाव हे डाळ मिलचे गाव. इथली तूरडाळ देशभर जाते आणि आपण ती दुसऱ्या शहराचे नाव छापलेल्या चकचकीत पाकिटात परत विकत घ्यावी, यात काय शहाणपण? शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर तो नाही. दाणा बाजारातून सुटी डाळ घेतली तर भाव कमी पडतो आणि दाणा हातावर घेऊन पाहताही येतो. वर्षाचा गहू, कळण्यासाठी ज्वारी-उडीद, उन्हाळ्यात भरायची मिरची आणि त्यातून होणारा काळा मसाला ही खानदेशी घराची खरेदी मोबाइलवर होत नाही आणि होऊही नये, असे आमचे मत झाले.

वजनाकडे नीट लक्ष द्यावे लागते. खाद्यतेलाचे एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी पिशवी म्हटली की एक लिटर हे ठरलेले असायचे. आता ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम अशा पिशव्याही मिळतात आणि फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. समजा, ८५० ग्रॅमची पिशवी १३६ रुपयांना आहे आणि ९१० ग्रॅमची १४२ रुपयांना. पहिली सहा रुपयांनी स्वस्त वाटते. पण किलोचा हिशेब केला तर पहिली १६० रुपये किलो पडते आणि दुसरी सुमारे १५६ रुपये. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापलेला असतो, तो वाचला की आकडेमोडही करावी लागत नाही.

हेच गणित आम्ही शाळेत सातवीच्या वर्गाला दिले. मुलांना घरून रिकामी पाकिटे आणायला सांगितली आणि प्रति १०० ग्रॅम दर काढायला लावला. दोन तास वर्ग गजबजून गेला. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात नेमके किती ग्रॅम, हे पहिल्यांदाच पाहून मुले चकित झाली. त्या वर्गात हातगाडीवाल्यांची, किराणावाल्यांची, बागवानांची मुले आहेत. त्यातल्या एकाने विचारले, “मोबाइलवाले उधार देतात का?” या प्रश्नाकडे पुढे वळू.

आता शुल्काविषयी. डिलिव्हरी शुल्क, हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क अशी नावे बिलाच्या शेवटी येतात. एका शनिवारी १८० रुपयांच्या सामानावर आम्हाला २५ अधिक १० असे ३५ रुपये जादा पडले, म्हणजे सुमारे १९ टक्के. ‘आणखी अमुक रुपयांचे सामान घ्या, डिलिव्हरी मोफत’ हा इशारा दिसला की माणूस नको असलेला खाऊ टाकतो आणि ३५ रुपये वाचवायला सव्वाशे खर्च करतो. वहीत यादीबाहेरच्या वस्तूंसाठी वेगळा रकाना केला, तेव्हा तो पहिल्या तीन महिन्यांत दरमहा चारशे-पाचशे रुपयांवर गेलेला दिसला. मुलांनी आपापसात चॉकलेट टाकणे, आम्ही नवीन सॉस आजमावणे, सगळे त्यात आले. आपला दीन ज्याला इस्राफ म्हणतो, तो असाच दहा-वीस रुपयांनी घरात येतो. मग ठरवले की यादी आधी कागदावर होईल आणि मोबाइल नंतर उघडेल. चौथ्या महिन्यापासून तो रकाना निम्म्यावर आला.

आपल्याला न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा देणगी टाकणे, ‘फक्त २ शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करणे, सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटी दुसरी लावणे, अशा क्लृप्त्यांना इंग्रजीत डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. तरीही पैसे देण्यापूर्वी कार्ट वरपासून खालपर्यंत एकदा वाचावी.

हिरवे चिन्ह, तपकिरी त्रिकोण

आपल्या घरांचा सर्वांत मोठा प्रश्न हलालचा. दुकानात पाकीट उलटून वाचता येते. मोबाइलवर तेच काम फोटो मोठा करून करावे लागते. मागची बाजू दाखवणारा फोटो नसेल तर ती वस्तू पहिल्यांदा घेताना आम्ही मोबाइलवरून घेत नाही.

पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी चिन्ह पूर्वी तपकिरी ठिपका होते, आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. यात दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली, तपकिरी चिन्ह म्हणजे हराम असे नव्हे. अंडे घातलेल्या केकवर आणि माशाच्या पदार्थावरही तेच चिन्ह येते. दुसरी, जिलेटिन आणि कोचिनील किड्यापासूनचा लाल रंग, म्हणजे आयएनएस १२०, हे प्राणिजन्य असल्याने ते असलेल्या पदार्थावर हिरवे चिन्ह लावता येत नाही. आयएनएस ४७१ हा बेकरीच्या मालात सर्रास आढळणारा घटक वनस्पतीपासूनही होतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. आकडा पाहून अनेक भगिनी घाबरतात. पाकिटावर हिरवे चिन्ह असेल तर तो घटक वनस्पतिजन्य असणे कंपनीवर बंधनकारक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की घटक कितीही थोडा असला तरी तो वनस्पतीपासून आहे की प्राण्यापासून, हे ग्राहकाला सांगितलेच पाहिजे. हिरव्या चिन्हातून मद्यार्काविषयी मात्र काही कळत नाही. सुगंधी अर्क, व्हिनेगर, सॉस यांविषयी शंका असेल तर घटकांची यादी घेऊन आपल्या भागातल्या जाणकार आलिमांना विचारावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर भरवसा ठेवू नये.

मटण आणि कोंबडी आम्ही मोबाइलवर घेत नाही. ज्याच्या हातचा जबीहा आपण डोळ्यांनी पाहतो, त्या खाटीकभाईंचे दुकान चार पावलांवर आहे. भाजी-फळांचेही तेच. आपल्याकडे जळगावची केळी आणि भरताची वांगी यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वांगे हातात घेऊन वजन पारखायचे, देठ पाहायचा, ही आपल्या बायकांची विद्या. बागवान चाचांच्या गाडीवर ती चालते.

खराब माल आला तेव्हा

रमजानच्या आधी एका ॲपवरून शीरखुर्म्यासाठी खारीक, चारोळी आणि शेवया मागवल्या. खारकेचे पाकीट फोडले तर आत अळ्या. फोटो काढून तक्रार टाकली. चॅटवर यंत्राने गोड शब्दांत माफी मागितली आणि पैसे बँकेत न टाकता ॲपच्याच वॉलेटमध्ये जमा केले, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच घ्या! आम्ही ते मान्य केले नाही. ज्या खात्यातून पैसे दिले त्याच खात्यात परत हवेत, असे तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने कळवले. सोबत बिल, फोटो आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक जोडला. आठव्या दिवशी पैसे बँकेत आले.

हे आम्हाला कोणी मेहेरबानीने दिलेले नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनुसार प्रत्येक अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क ॲपवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी आयोग आहे.

मुदतीविषयीही एक गोष्ट. संपत आलेला माल घरी पाठवला जातो, अशा तक्रारी वाढल्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले की ग्राहकाच्या हाती पोहोचताना वस्तूचे किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत. म्हणून पार्सल आले की आधी तारीख पाहावी, मग डब्यात ओतावे. पाकीट फोडताना मोबाइलवर चित्रीकरण केले तर पुरावा राहतो. आमच्याकडे हे काम धाकट्या मुलाकडे आहे आणि तो ते फार गांभीर्याने करतो.

न पाहिलेली वस्तू विकत घेणे हा प्रश्न आपल्या फुकहांपुढे शेकडो वर्षांपूर्वीही होता. हनफी फिकहमध्ये याला ‘खियार-ए-रुयत’ म्हणतात, म्हणजे न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर ठेवायची की परत करायची, याचा खरेदीदाराला असलेला हक्क. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा उघड करणाऱ्या आणि तो वर ठेवायला सांगणाऱ्या आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण विक्रेत्यासाठी आहे, तशी आपल्यासाठीही आहे. चांगला माल वापरून ‘खराब निघाला’ म्हणून पैसे परत मागणारेही लोक आहेत. तो बेइमानीचा पैसा आहे, मग समोर कंपनी कितीही मोठी असो.

एक फोन आणि सावधगिरी

खालांना एकदा फोन आला. “तुमच्या ऑर्डरचे पैसे परत द्यायचे आहेत, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” नात जवळ होती. तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, “पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.” पलीकडून फोन बंद झाला. शाळेतल्या पोरीला जे माहीत होते, ते घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला माहीत असायला हवे. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नये. तिथे भामट्यांनी खोटे नंबर पेरलेले असतात. तो ॲपमधूनच घ्यावा. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

‘आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात द्या’ हे बटणही आता ठिकठिकाणी दिसते. मुदत चुकली की त्यावर दंड आणि व्याज चढते. सूद टाळणाऱ्या घरात तो या वाटेने शिरू नये, म्हणून हे बटण आम्ही बंद करून टाकले आहे.

नाक्यावरच्या दुकानाचा हिशेब

सातवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे आता येऊ. मोबाइलवाले उधार देतात, पण व्याजाने आणि मुदतीने. टाळेबंदीच्या त्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या हातगाड्या, गॅरेज, शिलाईची कामे बंद पडली होती. तेव्हा चाचांनी कित्येक घरांना पीठ, तेल, साखर उधारीवर दिली. जाड वहीत नाव आणि रक्कम लिहिली. ना व्याज, ना तगादा. काहींचे पैसे दोन वर्षांनी आले, काहींचे आलेच नाहीत, आणि ते चाचांनी माफ केले. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. चाचांची ती वही त्याच तालमीतली.

आज चाचांच्या गल्ल्यावर परिणाम झाला आहे. “साबण-पावडरचे गिऱ्हाईक गेले. माझ्याकडे येतात ते पाच रुपयांच्या पुडीला आणि उधारीला. नगदी माल मोबाइलवर, उधारीचा माल माझ्याकडे. मग दुकान चालायचे कसे?” त्यांचे हे म्हणणे आम्ही बरेच दिवस मनात घोळवत होतो. त्यांचा पुतण्या आता एका कंपनीची पार्सले पोहोचवतो आणि संध्याकाळी दुकानात बसतो. धुळ्यात पाचकंदीलच्या बाजारातही व्यापारी याच अर्थाचे बोलतात.

आम्ही केवळ दयेपोटी कोणाकडे खरेदी करावी, असे म्हणत नाही. चाचांनाही ते आवडणार नाही. पण हिशेब पूर्ण मांडावा. महिन्याला दोनशे रुपये वाचवताना अडीअडचणीला रात्री दहा वाजता दार ठोठावता येणारे दुकान बंद पडले, तर तो तोटा कोणत्या बिलात दिसेल? म्हणून आम्ही खरेदीची वाटणी केली. धान्य, डाळ, तेल, मसाला, साखर हे चाचांकडून आणि दाणा बाजारातून. भाजी-फळे बागवानांच्या गाडीवरून. साबण-पावडर आणि इथे न मिळणाऱ्या वस्तू मोबाइलवरून. चाचांकडे मागवतानाही नगदी द्यायचे, यूपीआयने लगेच. ज्यांच्याकडे नगदी आहे त्यांनी दुकानात उधारी ठेवली, तर खऱ्या गरजूला द्यायला दुकानदाराच्या हातात काय उरणार? आमच्या सांगण्यावरून चाचांनी व्हॉट्सॲपवर भावाची यादी टाकायला सुरुवात केली आणि पुतण्या संध्याकाळी गल्लीत सामान पोहोचवतो. आमच्या ओळीतली बरीच घरे पुन्हा त्यांच्याकडे वळली आहेत.

दारात उभा असलेला मुलगा

पार्सल घेऊन येणारी मुले आपलीच आहेत. कोणी बारावी झालेला, कोणी पदवीधर, कोणी आपलाच माजी विद्यार्थी. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हाही ती पाठीवर पिशवी घेऊन फिरतात. पेट्रोल त्यांचे, गाडी त्यांची, अपघात झाला तर खर्चही बहुधा त्यांचाच. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये अशा ‘गिग कामगारां’ची पहिल्यांदा व्याख्या झाली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी आपल्या उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा या कामगारांच्या सुरक्षा निधीत द्यावा, अशी तिच्यात तरतूद आहे. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर या मुलांची नोंदणी होते. आपल्या मोहल्ल्यात असा मुलगा असेल तर त्याची नोंदणी करून द्यावी. आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन बसले की घरबसल्या होणारे काम आहे.

आमच्या घरी एक नियम अम्मींनी घातला. रमजानमध्ये असरनंतरची वेळ निवडायची नाही. रोजेदार मुलगा इफ्तारच्या वेळी आपल्या दारात रस्ता शोधत उभा राहू नये. दुसऱ्या धर्माचा असला तरी त्या गर्दीच्या वेळी त्याची धावपळ वाढू नये. जुम्याच्या नमाजची वेळही टाळायची. आला की आधी पाणी विचारायचे. जड सामान असेल तर मुलांनी खाली उतरून घ्यायचे. उशीर झाला म्हणून त्याला कमी तारे द्यायचे नाहीत, कारण त्या ताऱ्यांवर त्याची रोजी अवलंबून असते आणि उशीर बहुतेक वेळा त्याच्यामुळे झालेला नसतो.

वर्षाची वही संपली. हिशेब केला तर साबण-पावडरमध्ये थोडी बचत झाली, धान्यात झाली नाही आणि शुल्क व यादीबाहेरच्या वस्तूंनी बचतीचा काही भाग खाल्ला. खरी कमाई वेळेची आणि खालांच्या घराची झाली. वाचक भगिनींना एवढीच विनंती की तीन महिने तरी अशी वही ठेवा. तीन रकाने पुरतात : काय घेतले, कोठून घेतले, आणि घेतले नसते तर चालले असते का. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा निघेल. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला मोबाइल वरदान वाटेल, तर भरल्या मोहल्ल्यातल्या घराला नाक्यावरचे दुकान पुरेल. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचेही हात इमानदार राखो. आमीन.